धर्म न मानणाऱ्या राजवटी आणि धर्मपुरुषांची नाणी



खिशातले नाणे आपण दिवसातून दहा वेळा हाताळतो, पण त्यावर काय कोरले आहे ते क्वचितच वाचतो. एस. टी.चा वाहक आणि बाजारातील मासळीवाली त्याची किंमत तेवढी पाहतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नाणे हातात आले की आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हे नाणे पाडणाऱ्या सरकारला या माणसाचे नाव आपल्या मुद्रेशेजारी का घ्यावेसे वाटले?

हा प्रश्न एका विशिष्ट बाबतीत फारच मनोरंजक ठरतो. विसाव्या शतकात जगाच्या मोठ्या भागावर साम्यवादी सरकारांचे राज्य होते. कार्ल मार्क्सने धर्माला अफूची उपमा दिली होती आणि हे विचार शिरोधार्य मानून ही सरकारे चालत होती. शाळेत धर्मशिक्षणाला मज्जाव, धर्मगुरूंवर पाळत आणि कित्येक प्रार्थनास्थळांना कुलुपे, अशी स्थिती होती. तरीही याच सरकारांच्या टांकसाळींतून संतांची, धर्मसुधारकांची, फार काय एका विद्यमान पोपचीही नाणी बाहेर पडली. हे कसे घडले आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

सिक्का आणि खुतबा

प्रथम आपल्या परंपरेकडे वळू. मुसलमानी राज्यांत राजसत्तेच्या दोन खुणा मानल्या जात, सिक्का आणि खुतबा. ज्याच्या नावाने नाणे पडते आणि जुम्म्याच्या खुतब्यात ज्याचे नाव घेतले जाते, तोच खरा सुलतान. नाण्यावर कोणाचे नाव घालावे ही त्यामुळे कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. दमास्कसचा उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी सन ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ च्या सुमारास, राजाच्या चित्राचे नाणे बाजूला सारले आणि केवळ अक्षरे असलेला सोन्याचा दिनार सुरू केला. त्यावर तौहीदचे शब्द होते. पुढे अनेक शतके इस्लामी नाण्यांचे सौंदर्य चेहऱ्यात नव्हे, तर अक्षरात राहिले.

हिंदुस्थानात मोगल बादशहांच्या अनेक नाण्यांवर कलमा असे. औरंगजेबाने गादीवर आल्यावर नाण्यावरचा कलमा बंद केला. पवित्र शब्द हातोहाती फिरून पायदळी जाऊ नयेत, हे त्याचे कारण सांगितले जाते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने वेगळाच मार्ग काढला. त्याने नाण्यांनाच बुजुर्गांची नावे दिली. सोन्याचे मोठे नाणे ‘अहमदी’, त्याहून लहान ‘सिद्दिकी’ आणि ‘फारुकी’; चांदीचा दुहेरी रुपया ‘हैदरी’, रुपया ‘इमामी’, अर्धा रुपया ‘आबिदी’ आणि पावली ‘बाकिरी’. चित्र न काढताही आदर व्यक्त करता येतो, हे या नावांवरून ध्यानात येते.

आपला रत्नागिरी जिल्हाही या इतिहासात मागे नाही. विजापूरच्या अली आदिलशहा दुसरा याच्या नावाची ‘लारी’ नाणी प्रसिद्ध आहेत. चांदीची तार दुमडून तिच्यावर शिक्का मारलेले हे नाणे केसांच्या आकड्यासारखे दिसते. इराणच्या आखातातील व्यापारात ही तऱ्हा रूढ होती आणि त्या व्यापाराच्या वाटेने ती आपल्या किनाऱ्यावर आली. या लारींवर दाभोळचे नाव वाचावयास मिळते. कोकणच्या खाडीतून अरबस्तानापर्यंत जाणाऱ्या गलबतांची ती साक्ष आहे.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता आपण पूर्व युरोपकडे वळू. नाण्यावरचे नाव म्हणजे सत्तेने दिलेली कबुली हे सूत्र तेथेही लागू पडते.

संत, पण शिक्षक म्हणून

बल्गेरियाच्या साम्यवादी सरकारने १९६३ साली सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांची स्मारक नाणी काढली. दोन व पाच लेव्हची नाणी चांदीची होती, दहा आणि वीस लेव्हची सोन्याची. हे दोघे भाऊ नवव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारक. सालोनिका शहरात जन्मलेले हे भाऊ मोराव्हिया देशात धर्मप्रसारासाठी गेले, तेव्हा स्लाव लोकांना त्यांच्याच भाषेत धर्मग्रंथ वाचता यावेत म्हणून त्यांनी लिपी तयार केली. त्यांच्या शिष्यपरंपरेतून पुढे बल्गेरियात जी लिपी घडली, तिला थोरल्या-धाकट्यांपैकी धाकट्याचे, म्हणजे सिरिलचे नाव मिळाले. रशियन, बल्गेरियन, सर्बियन या भाषा त्याच लिपीत लिहिल्या जातात.

चर्चच्या दृष्टीने हे दोघे संत. सरकारने मात्र नाण्याचे निमित्त सांगितले ते स्लाव लिपीच्या अकराशे वर्षांचे. देव न मानणाऱ्या सरकारला संताची पूजा मान्य नव्हती. पण ज्या लिपीत त्याचे हुकूम निघत, वर्तमानपत्रे छापली जात आणि शाळेतली मुले अक्षरे गिरवीत, ती लिपी संतांची देणगी होती, हे नाकारणे त्यालाही शक्य नव्हते. मग वाट निघाली ती अशी की, संतपद बाजूला ठेवायचे आणि शिक्षकपदाचा गौरव करायचा. बल्गेरियात २४ मे हा दिवस शिक्षण, संस्कृती आणि लिपीचा दिवस म्हणून साजरा होतो. तो मुळात या दोन भावांचाच दिवस आहे.

एक घटना, दोन नावे

पोलंडची कथा अधिक नाट्यपूर्ण आहे. इ. स. ९६६ मध्ये तेथील राजा मिएश्को याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तेव्हापासून पोलंडच्या लिखित इतिहासाचा आरंभ मानतात. १९६६ साली या घटनेला हजार वर्षे पूर्ण झाली. चर्चने ‘धर्मस्वीकाराची सहस्राब्दी’ साजरी करायची ठरवले आणि त्यासाठी नऊ वर्षे आधीपासून तयारी केली. सरकारने त्याच वर्षी ‘पोलिश राज्याची सहस्राब्दी’ साजरी केली आणि शंभर झ्लॉटींचे चांदीचे नाणे काढले. त्यावर मिएश्को आणि त्याची राणी डोब्राव्हा यांचे मुखवटे आहेत. या राणीमुळेच तो धर्म पोलंडमध्ये आला असे इतिहास सांगतो. परंतु नाण्यावर उल्लेख आहे तो राज्याचा. घटना एकच, नावे मात्र दोन. त्या उत्सवासाठी पोप पॉल सहावे पोलंडला येऊ इच्छीत होते, पण सरकारने त्यांना येऊ दिले नाही.

बारा वर्षांनी चित्र पालटले. १६ ऑक्टोबर १९७८ रोजी क्राकोव्हचे कार्डिनल कारोल वॉयतिला हे पोप म्हणून निवडले गेले आणि जॉन पॉल दुसरे झाले. जून १९७९ मध्ये ते मायदेशी आले तेव्हा लक्षावधी लोक रस्त्यावर लोटले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८० मध्ये, गदान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातील संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना जन्माला आली. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी देशात लष्करी कायदा पुकारला, संघटनेचे पुढारी तुरुंगात गेले, रस्त्यावर रणगाडे उभे राहिले.

आणि याच काळातील, १९८२ साल कोरलेली, पोप जॉन पॉल यांची चांदी-सोन्याची नाणी आहेत! एका बाजूला मुकुट नसलेला पोलिश गरुड आणि ‘पोलिश लोकप्रजासत्ताक’ ही अक्षरे, दुसऱ्या बाजूला पोपसाहेबांची मुद्रा. मुकुट का नव्हता? साम्यवाद्यांनी राजेशाहीची खूण म्हणून गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला होता. म्हणजे ज्या सरकारने गरुडाला मुकुट ठेवला नाही, त्याच सरकारने नाण्याच्या पाठीवर रोमच्या धर्मगुरूला जागा दिली. १९८७ साली पोप तिसऱ्यांदा मायदेशी आले, त्या साली दहा हजार झ्लॉटींचे चांदीचे नाणेही निघाले.

हा गौरव मनापासूनचा होता काय? एक गोष्ट सांगतो म्हणजे वाचकांना उत्तर आपोआप मिळेल. ऑक्टोबर १९८४ मध्ये वॉर्सा येथील तरुण पाद्री येर्झी पोपिएलुश्को यांना सरकारच्याच गुप्त पोलीस अधिकाऱ्यांनी पळवून नेऊन ठार मारले. ते कामगारांच्या बाजूने प्रवचने देत, एवढाच त्यांचा अपराध. पुढे १९८५ मध्ये त्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. नाण्यावर पोप आणि धरणात पाद्र्याचे प्रेत, या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीतल्या आहेत. नाणे पाहून राजवटीची परीक्षा करू नये, याला याहून वेगळा पुरावा नको.

आता यातील शिक्षणाची बाजू पाहा. पोलंडमध्ये १९६१ च्या कायद्याने सरकारी शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकण्यात आले. तेव्हा पालकांनी काय केले? शाळा सुटल्यावर मुलांना चर्चच्या आवारातील वर्गांत पाठवले. वर्षानुवर्षे असे वर्ग चालले. १९७९ साली रस्त्यावर जे तरुण आले, ते याच वर्गांत शिकलेल्या पिढीतले होते. सरकारने १९८२ मध्ये नाणे पाडले ते या लोकांचे मन ओळखून. म्हणजे नाण्याचा साचा टांकसाळीत तयार झाला असला, तरी ते नाणे पाडणे भाग पडावे अशी परिस्थिती घराघरातल्या आयांनी आणि गावोगावच्या शिक्षकांनी निर्माण केली होती.

मार्क्स आणि ल्यूथर एकाच वर्षी

पूर्व जर्मनीत धर्मसुधारकांची दोन नावे होती. मार्टिन ल्यूथर (जन्म १४८३) आणि त्याचा समकालीन थॉमस म्युन्त्झर. म्युन्त्झरही पाद्रीच, पण १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात तो शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. ल्यूथरने मात्र त्या बंडाविरुद्ध अत्यंत कठोर शब्द लिहिले. एंगल्सने शेतकऱ्यांच्या या युद्धावर पुस्तक लिहून म्युन्त्झरची थोरवी गायिली होती, म्हणून साम्यवाद्यांना म्युन्त्झर जवळचा. पूर्व जर्मनीच्या पाच मार्कांच्या नोटेवर त्याचेच चित्र होते. ल्यूथर हा सरंजामदारांचा पाठीराखा, असे दीर्घकाळ शिकवले गेले.

पण १९८३ साली ल्यूथरच्या जन्माला पाचशे वर्षे होत होती. त्याचे जन्मगाव आइस्लेबेन, त्याचे विटेनबर्ग आणि ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात त्याने बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद केला तो किल्ला, ही सर्व ठिकाणे पूर्व जर्मनीतच होती. जगभरचे पाहुणे येणार होते. सरकारने १९८० मध्येच उत्सव समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द राष्ट्रप्रमुख एरिख होनेकर यांनी घेतले. ल्यूथरच्या चेहऱ्याचे वीस मार्कांचे चांदीचे नाणे निघाले आणि या तीन स्थळांची पाच मार्कांची नाणी निघाली.

योगायोग असा की, १९८३ हे कार्ल मार्क्सच्या मृत्यूचे शंभरावे वर्षही होते, आणि त्याचेही वीस मार्कांचे नाणे त्या साली निघाले. ते मात्र चांदीचे नव्हते, साध्या मिश्रधातूचे होते. साम्यवादाच्या जनकाला साधा धातू आणि धर्मसुधारकाला चांदी! याचा अर्थ सरकारला ल्यूथर अधिक प्रिय होता असा नव्हे. चांदीचे नाणे पश्चिमेकडील संग्राहक परकीय चलन देऊन विकत घेतात, हे हिशोबनीसांना ठाऊक होते. १९८९ मध्ये म्युन्त्झरच्या जन्माच्या पाचशे वर्षांनिमित्त त्याचेही नाणे निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली.

ल्यूथरच्या उत्सवावर सरकार पैसा खर्च करीत होते, त्याच काळात नियमाने चर्चला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षणाच्या वाटेत अडथळे येत होते. धर्मसुधारकाचा सन्मान करायचा आणि त्याला मानणाऱ्या मुलाला मागे ठेवायचे, ही विसंगती पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

रूबल, व्लादिमीर आणि नवाई

सोव्हिएत रशियात १९८८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. कीव्हचा राजा व्लादिमीर याने इ. स. ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याला हजार वर्षे झाली. गोर्बाचेव्ह यांच्या काळात वारे बदलले होते. एप्रिल १९८८ मध्ये त्यांनी धर्मप्रमुख पिमेन यांची भेट घेतली. त्या वर्षी किमती धातूंच्या नाण्यांची एक मालिका निघाली. तीन रूबलच्या चांदीच्या नाण्यावर कीव्हचे सेंट सोफिया चर्च, पन्नास रूबलच्या सोन्याच्या नाण्यावर नोव्हगोरोदचे सेंट सोफिया चर्च आणि पॅलॅडियम या धातूच्या पंचवीस रूबलवर व्लादिमीरचा कीव्हमधील पुतळा. मालिकेचे अधिकृत नाव मोठे गंमतीचे आहे. प्राचीन रशियाचे नाणेपाडणी, साहित्य, वास्तुकला आणि धर्मस्वीकार यांची हजार वर्षे, असे ते नाव. ज्या घटनेमुळे हे सर्व साजरे होत होते, ती घटना यादीत शेवटी!

मग सोव्हिएत राज्यातील मुसलमानांच्या वाट्याला काय आले? उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अझरबैजान असे विस्तीर्ण मुलूख त्या राज्यात होते. बुखारा, समरकंद ही एकेकाळची इल्मची माहेरघरे. १९४३ मध्ये ताश्कंद येथे मध्य आशियातील मुसलमानांसाठी सरकारमान्य धार्मिक मंडळ स्थापन झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर बुखाऱ्यातील मीर-ए-अरब मदरसा पुन्हा उघडण्यात आला. पण मुसलमानांच्या गौरवाची संधी नाण्यांवर आली ती कवींच्या रूपाने. १९९१ मध्ये एक रूबलची नाणी निघाली, त्यांत हेरातचा थोर कवी अलीशेर नवाई (१४४१-१५०१) आणि गंजा शहराचा निजामी यांची नाणी आहेत.

नवाई हा केवळ कवी नव्हता. नक्शबंदी सूफी पंथाशी त्याचा निकट संबंध होता आणि मौलाना जामी हे त्याचे मार्गदर्शक. त्याने मशिदी आणि मदरसे बांधले. त्या काळी विद्वान मंडळी फारसीत लिहिण्यात प्रतिष्ठा मानीत असताना, आपली तुर्की बोली फारसीहून कोणत्याही प्रकारे कमी नाही, हे त्याने १४९९ मध्ये ग्रंथ लिहून प्रतिपादिले. घरी एक बोली, शाळेत मराठी, मदरशात उर्दू आणि अरबी अशी भाषांची गर्दी अनुभवणाऱ्या आपल्या कोकणी मुसलमान विद्यार्थ्यांना नवाईचे हे धैर्य विशेष जवळचे वाटावे.

परंतु आता नाण्यावरची अक्षरे पाहा. नवाईचे नाव त्यावर रशियन लिपीत आहे. नवाईने लिहिले अरबी लिपीत. सोव्हिएत सरकारने १९२० च्या दशकाच्या अखेरीस उझबेक भाषेची अरबी लिपी काढून रोमन आणली आणि १९४० च्या सुमारास रोमन काढून रशियन आणली. वीस वर्षांच्या आत दोनदा लिपी बदलली! आजोबांनी हाताने लिहिलेली पत्रे, घरातल्या फडताळातली पुस्तके, कबरीवरचा मजकूर, हे सारे नातवाला परके झाले. तो साक्षर होता. कारखान्यात, रुग्णालयात, विद्यापीठात काम करीत होता, आणि त्या राजवटीने मध्य आशियात साक्षरता वाढवली हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण नवाईचे मूळ हस्तलिखित त्याच्यासमोर ठेवले तर त्याला एक ओळही वाचता येत नव्हती. अशा वेळी सरकारने नवाईचे नाणे पाडले. नाणे निघाले त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते सरकारच राहिले नाही.

मला या सर्व नाण्यांत हे एक रूबलचे निकेलचे नाणे सर्वांत बोलके वाटते. कवीचा चेहरा परत मिळाला, पण त्याची अक्षरे हरवली होती.

ही नाणी का निघाली?

कारणांचा सारांश थोडक्यात सांगता येईल. पहिले कारण पैशाचे. चांदी-सोन्याची ही नाणी बाजारातील भाजीसाठी नव्हती. परदेशी संग्राहकांना विकून परकीय चलन मिळवणे हा त्यांचा एक उघड हेतू होता. दुसरे कारण वारशाचे. राष्ट्राचा इतिहास आपलाच आहे, चर्चचा नव्हे, हे प्रत्येक सरकारला दाखवायचे होते. म्हणून संताला लिपीकार, धर्मांतराला राज्यस्थापना आणि सूफी कवीला राष्ट्रकवी असे नवे नाव देण्यात आले. तिसरे कारण लोकांचे. जे नाव लोकांच्या ओठांवरून पुसता येत नाही, ते शेवटी सरकारला आपल्या शिक्क्याजवळ घ्यावेच लागते.

आपल्या देशात

भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, राज्यांचा नाही. त्यामुळे केरळात किंवा पश्चिम बंगालमध्ये साम्यवादी मंत्रिमंडळ असले तरी त्याच्या नावाचे नाणे संभवत नाही. तथापि डाव्या आघाडीची सत्ता केरळात असतानाच त्या राज्याच्या दोन धर्मपुरुषांना केंद्राच्या नाण्यांवर स्थान मिळाले. समाजसुधारक संत श्री नारायण गुरू यांचे २००६ साली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये संतपद मिळालेल्या सिस्टर अल्फोन्सा यांचे जन्मशताब्दीनिमित्त २००९ साली, पाच रुपयांचे नाणे निघाले. महाराष्ट्राच्या वाट्याला संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे १९९९ मध्ये आणि संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणे २००२ मध्ये आले. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणेही २००७ मध्ये निघाले. येथे धर्म मानणाऱ्यांना मज्जाव नव्हता, म्हणून संताला संत म्हणूनच नाण्यावर येता आले. हा फरक लहान नाही.

पण केरळातील साम्यवादी राजवटीची खरी कसोटी नाण्यांत नव्हे, शाळांत लागली. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने शिक्षण विधेयक आणले. खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका व पगार यांवर सरकारचे नियंत्रण यावे, हा त्याचा गाभा. ख्रिस्ती संस्थांनी त्यास कडाडून विरोध केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले आणि १९५८ मध्ये न्यायालयाने घटनेच्या कलम ३० चा अर्थ स्पष्ट करून अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था स्थापण्याच्या व चालवण्याच्या हक्काला बळकटी दिली. मात्र शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार वाजवी नियम करू शकते, हेही सांगितले. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था आज ज्या हक्काच्या आधारे उभ्या आहेत, त्याच्या इतिहासात हे प्रकरण अग्रभागी आहे.

त्याच नंबुद्रिपादांचे दुसरे मंत्रिमंडळ १९६७ ते १९६९ या काळात होते. त्यात मुस्लिम लीगचे सी. एच. मुहम्मद कोया शिक्षणमंत्री होते. १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६९ मध्ये मलप्पुरम हा मुसलमानबहुल जिल्हा निर्माण झाला. मलबारच्या मागासलेल्या मोपला समाजातील मुलामुलींना महाविद्यालय जवळ आले. एखाद्या बुजुर्गाचे सोन्याचे नाणे काढून जे साधले नसते, ते एका विद्यापीठाने साधले. उलटपक्षी पश्चिम बंगालमध्ये डाव्यांचे राज्य १९७७ पासून २०११ पर्यंत सलग चालले. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तेथील मुसलमानांचे सरकारी नोकऱ्यांतले अल्प प्रमाण उघडे केले. सरकार कोणत्या रंगाचे आहे यापेक्षा त्याने शाळा किती उघडल्या आणि त्या शाळांचा लाभ आपण किती घेतला, हे मोजावे.

आणखी एका नाण्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त भारत सरकारने पाच रुपयांचे नाणे काढले. मौलाना कधी शाळेत गेले नाहीत. त्यांचे सर्व शिक्षण घरी झाले. ते कुराणाचे भाष्यकार आणि आलिम होते. तेच स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस ११ नोव्हेंबर हा २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आलिम आणि शिक्षणमंत्री या दोन पदव्या एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात, हे बल्गेरियाच्या सरकारला दोन भावांच्या बाबतीत मान्य करता आले नाही. आपल्या देशात मात्र ते सहज घडले.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी ज्यांना नाणी जमवण्याचा छंद आहे, त्यांनी प्रत्येक नाण्याला चार प्रश्न विचारावेत. हे नाणे कोणी पाडले? कोणत्या साली, आणि त्या साली त्या देशात काय चालले होते? या व्यक्तीला नाण्यावर कोणत्या नात्याने घेतले आहे, आणि कोणते नाते लपवले आहे? अक्षरे कोणत्या लिपीत आहेत? आपल्या भारतीय नाण्यावर सालाखाली एक बारीक खूण असते. चौकोनी हिऱ्यासारखी असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. मुंबईच्या जुन्या नाण्यांवर कधी ‘बी’ तर कधी ‘एम’ हे रोमन अक्षरही आढळते. एवढ्याने सुरुवात करा. भारी किमतीच्या नाण्यांची गरज नाही. वाण्याच्या दुकानातून मिळालेली मोडसुद्धा इतिहासाचा धडा देते.

पालकांना माझे सांगणे वेगळे आहे. सरकार आपल्या बुजुर्गांचे नाणे काढील किंवा न काढील. काढले तर आनंद मानावा, न काढले तर खंत करू नये. पोलंडच्या आयांनी मुलांना संध्याकाळच्या वर्गाला पाठवले, म्हणून नाव टिकले आणि शेवटी सरकारला ते कोरावे लागले. मध्य आशियात चेहरा नाण्यावर आला, पण अक्षरे वाचणारे उरले नव्हते. या दोन उदाहरणांतील अंतर म्हणजेच शिक्षणाचे महत्त्व. आपल्या मुलाने मराठीत पहिला नंबर काढावा, इंग्रजी व गणितात मागे राहू नये, आणि त्याबरोबरच आजोबांच्या संदुकीतले उर्दू पत्रही त्याला वाचता यावे. मुलीला दहावीनंतर घरी बसवू नये. घरातली अक्षरे पुढच्या पिढीला देणारी पहिली शिक्षिका तीच असते.

नाण्याची चांदी झिजते, राजवटी बदलतात, पोलंडच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुटही परत आला. वाचता येणाऱ्या माणसाच्या मनात जे नाव राहते, त्याला टांकसाळीच्या शिक्क्याची गरज पडत नाही. अल्लाहतआला आपल्या मुलामुलींना इल्मची ही न झिजणारी दौलत देवो. आमीन.